दिमोनाचं शांतिग्राम आणि वंशाचा दाखला

"ते खरे नव्हेत गो."

मावशींनी हे वाक्य अगदी सहज उच्चारलं आणि त्या पुढचं वाढायला लागल्या. मला मात्र ते ऐकल्यापासून स्वस्थता नाही. मावशींवर माझी माया आहे, आणि ज्यांच्याबद्दल त्या बोलल्या त्यांनीही मला घरात बसवून पोटभर जेवू घातलं आहे. दोन्ही घरं दिमोनातलीच. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मावशी पेणच्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी समाजातल्या. १९६०च्या सुमारास आईवडिलांचा हात धरून त्यांनी मुंबई सोडली. मी इस्रायलमधल्या बेअर शेवाच्या विद्यापीठात संशोधन करते, आणि दिमोना इथून पस्तीसेक किलोमीटरवर. दिमोना म्हटलं की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना अणुभट्टी आठवते. मला आठवतात ती बाकावर बसून मराठीत गप्पा मारणारी म्हातारी माणसं आणि फरसाण, पापड, गरम मसाला विकणारी दुकानं. १९५५ साली नेगेव्हच्या वाळवंटात हे गाव वसवलं. आधी मोरोक्कोहून आलेले यहुदी, मग कोकणातून गेलेले आपले लोक. मी मूळची अलिबागची, शाळेच्या वाटेवर इस्रायल आळीतलं सिनेगॉग रोज दिसायचं. नवगावचा किनारा, फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. परक्या देशात एखादी बाई "आलीस काय गो, बस" म्हणते तेव्हा काय वाटतं तेही सांगायला नको.

तर मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की मी शांतिग्रामात जाऊन आले. त्यावर हे उत्तर.

शांतिग्राम म्हणजे दिमोनातलीच एक वस्ती. हिब्रूत कफार हाशालोम. बाहेरून आलेल्यांच्या तात्पुरत्या निवासासाठी बांधलेल्या जुन्या बैठ्या चाळींमध्ये आफ्रिकन हिब्रू इस्रायली नावाचा एक समाज राहतो. दिमोना, अराद आणि मित्झपे रामोन मिळून अडीच-तीन हजार माणसं. त्यांचे आजीआजोबा अमेरिकेतले कृष्णवर्णीय, बहुतेक शिकागोचे. आपण बायबलातल्या प्राचीन इस्रायली लोकांचे वंशज आहोत आणि त्या लोकांचं जगणं जसं पुस्तकात लिहिलंय तसं पुन्हा जगायचं, हा त्यांचा धर्म. खरं तर "धर्म" हा शब्द त्यांना आवडत नाही. आम्ही एक राष्ट्र आहोत, आणि हा आमचा जगण्याचा मार्ग आहे, असं ते म्हणतात.

याची सुरुवात एका कामगारापासून झाली. बेन कार्टर, जन्म १९३९, शिकागोत ओतकामाच्या कारखान्यात नोकरी. तो काळ आठवा. मतदानाच्या हक्कासाठी आणि शाळेतल्या बाकासाठी त्यांच्या लोकांना रस्त्यावर मार खावा लागत होता. १९६६ साली त्यांनी सांगितलं, की गॅब्रिएल या देवदूताने मला दर्शन दिलं आणि आपल्या लोकांना घेऊन पूर्वजांच्या भूमीत परत जायला सांगितलं. बेन अम्मी बेन इस्रायल या नावाने ते ओळखले जाऊ लागले. १९६७ मध्ये साडेतीनशेच्या आसपास माणसं त्यांच्या मागोमाग लायबेरियात गेली. शहरात वाढलेली, नोकरीधंद्याची माणसं, जंगलात तंबू ठोकून राहिली. पाऊस, साप, आजार. बरेच जण परत फिरले. जे अडीच वर्षं टिकले ते १९६९च्या अखेरीपासून तुकड्यातुकड्यांनी इस्रायलमध्ये उतरू लागले, आणि सरकारने त्यांना दिमोनात घरं दिली. मोशेबरोबर मिसर (इजिप्त) सोडलेले लोक जसे चाळीस वर्षं रानात फिरले, तशी लायबेरियातली वर्षं ही आमची गुलामी अंगातून धुवून काढण्याची वर्षं होती, असं ते मानतात. अमेरिका सोडली त्याची आठवण म्हणून दर वर्षी मे महिन्यात त्यांचा स्वतःचा एक वल्हांडण सण असतो. नेहमीचा वल्हांडण मिसर सोडल्याचा, हा शिकागो सोडल्याचा. बाहेरच्यांनाही बोलावतात, गाणीबजावणी असते. गाण्यात हे लोक मूळचेच तयार. त्यांच्यातला एडी बटलर १९९९ मध्ये आपल्या गटाबरोबर आणि २००६ मध्ये एकटा, असा दोनदा युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेच्या मंचावर इस्रायलसाठी गायला.

त्यांचा दावा असा, की इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेव्हा पळालेली काही माणसं आफ्रिकेत शिरली, पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे सरकत गेली आणि पुढे तिथूनच गुलाम म्हणून अमेरिकेला नेली गेली. इतिहासकारांना याचा पुरावा सापडलेला नाही. मलाही हे इतिहास म्हणून पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यामुळे खोटं ठरत नाही, असं माझं मत आहे.

आमच्या विभागात त्या गावातली एक मुलगी काम करते, माझी मैत्रीण. तिचा जन्म दिमोनाचा, तिच्या आईचा जन्म दिमोनाचा, आजी शिकागोची. तिनेच मला घरी नेलं. बेअर शेवाच्या रणरणत्या उन्हात सगळे अर्ध्या कपड्यांत फिरतात, आणि ही सुती पायघोळ, डोक्याला गुंडाळलेला फडका, आणि कपड्याच्या काठाला झालर लावून त्यात निळा दोरा ओवलेला. बायबलातल्या गणनेच्या पुस्तकात तसा नियम आहे म्हणून. कृत्रिम धागा अंगाला लावायचा नाही. सूत, लोकर, ताग, रेशीम एवढंच. कपडे बरेचसे गावातच शिवले जातात. गावात पुरुष एकमेकांना "भाऊ" म्हणून हाक मारतात, वयस्क बाईला "आई". स्वतः बनवलेल्या नैसर्गिक वाइनखेरीज दारू नाही, सिगारेट नाही. संध्याकाळी पोरं रस्त्यात मोकळी खेळत होती आणि त्यांच्यावर कोण लक्ष ठेवतंय असं विचारावं, तर सगळेच.

आता जेवणाबद्दल लिहिते, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला तिथे खरोखर हलवून गेली ती ही गोष्ट.

हे लोक मांस, मासे, अंडी, दूध, तूप, काहीच खात नाहीत. आज व्हीगन म्हणवून घेणं मोठ्या शहरांत प्रतिष्ठेचं झालंय, पण हे गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून असंच जेवतात. तेल अवीवमध्ये त्यांनी उपाहारगृहही चालवलं. आधार काय, तर बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं एकोणतिसावं वचन. देवाने आदामाला बी देणारी वनस्पती आणि फळं अन्न म्हणून दिली. मांस खायची मुभा नंतर, नोहाच्या काळात आली. यांचं म्हणणं असं, की आम्ही माणसाच्या पहिल्या दिवसाकडे परत निघालोय, मग मधली सवलत कशाला घ्यायची? सोयाबीनचं दूध, त्याचं आइसक्रीम, टोफू, गव्हाच्या चिकाचे तुकडे, सगळं गावात बनतं. त्या दिवशी मक्याचा जाडसर पाव होता, शिजवलेली हिरवी पालेभाजी होती, चवळीसारखी उसळ होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांच्या स्वैपाकघरातून आलेले पदार्थ, त्यातली डुकराची चरबी काढून टाकलेली.

आणि भाजी अळणी. मी दोन घास खाल्ले आणि मैत्रिणीच्या आजीने माझ्याकडे पाहिलं. आठवड्यातले काही दिवस ते मीठच घालत नाहीत. वर्षातून ठरावीक आठवडे साखर बंद, ठरावीक आठवडे चूल बंद, सगळं कच्चं. व्यायामही नियमातच बसवलेला. अमेरिकेतले डॉक्टर १९९०च्या दशकात येऊन तपासण्या करून गेले, तेव्हा रक्तदाबाचं प्रमाण अमेरिकेतल्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षा कितीतरी कमी निघालं. आजींनी कारण सांगितलं ते शास्त्राचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मालकांनी टाकून दिलेलं आम्ही तीनशे वर्षं खाल्लं. आता देवाने दिलेलं खातो." हे ऐकल्यावर मी ताटातली सगळी भाजी संपवली.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत हे लोक उपवास करतात. संपूर्ण उपवास. इथल्या बाकीच्या यहुदी घरांत शब्बात, हा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यांत चांगलं जेवण, यांच्याकडे चूल नाही आणि ताटही नाही. गाणं, प्रार्थना, विश्रांती. दर आठवड्याला, लहान पोरं आणि आजारी वगळून सगळे.

इथे मला बोलायलाच हवं. आपल्याकडे हल्ली उपवासाची टिंगल करणं हे सुशिक्षितपणाचं लक्षण समजतात. एकादशी अन् दुप्पट खाशी, साबुदाणा कुठून आला, बटाटा कुठून आला, ही टिंगल मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. माझी आजी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काहीही खायची नाही. नांगरलेल्या शेतातला तांदूळ नाही, गहू नाही. परसात आपसूक उगवलेला माठ, अळू, सुरण, भोपळा, असली एकत्र भाजी. मी हे त्या शिकागोच्या आजींना सांगितलं. त्या इतक्या एकाग्रतेने ऐकत होत्या, की मला भरून आलं. जनावराच्या श्रमाचाही विचार करणारा दिवस जगात कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "वर्षातून एकदाच?"

हो, एकदाच. पण आमच्या आजीला कुणी प्रेषिताने सांगितलं नव्हतं, गावाने नियम केला नव्हता, आणि पाळलं नाही तर कुणी वस्तीतून बाहेर काढणार नव्हतं. कोकणातल्या घराघरांतल्या बायका आपल्या आपण ते करत आल्या. एका नेत्याच्या शब्दाखाली पन्नास वर्षं कडक राहणं ही एक गोष्ट, आणि कुणाच्याही शब्दाशिवाय शेकडो वर्षं थोडं थोडं पाळत राहणं ही दुसरी. मला दुसरी अवघड वाटते. आजींना पहिली अवघड वाटते. आम्ही दोघी आपापल्या जागी बसून राहिलो, आणि त्यांनी मला आणखी पाव वाढला.

कडकपणाची किंमतही या गावाने मोजलेली आहे, ती लपवून मी त्यांची स्तुती करणार नाही. माझ्याच शहरातल्या सोरोका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. संपूर्ण शाकाहारी अशा एका धार्मिक समाजातल्या तान्ह्या बाळांमध्ये कुपोषण, रक्तक्षय, ब-१२ची कमतरता. घरी केलेलं सोयाबीनचं दूध बाळाला पुरेसं नव्हतं. मी मैत्रिणीला याबद्दल सरळ विचारलं. ती म्हणाली, तेव्हाच्या आयांना माहिती नव्हती, आता ब-१२ सगळ्यांना देतात, बाळांची वजनं केली जातात. तिने टाळाटाळ केली नाही. पण पुस्तकातलं एक वचन आणि पाळण्यातलं एक मूल यांच्यात कुणाचं आधी ऐकायचं, याचा निर्णय आई करते की गावातले वडीलधारे पुरुष, हे मला तिच्या उत्तरातून कळलं नाही.

कारण बायकांच्या बाबतीत गाव पुरुषांचंच ऐकतं, असं माझं स्पष्ट मत झालंय. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात लिहिलंय, मुलगा झाला तर आई चाळीस दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर ऐंशी. हे ते पाळतात. पाळीच्या दिवसांत बाई वेगळी. मैत्रीण म्हणते, ते दिवस आमचे असतात, कुणी काम सांगत नाही, बाकीच्या बायका जेवण आणून देतात, शहरातल्या तुझ्या इस्रायली मैत्रिणी बाळंतपणानंतर किती लवकर कामावर हजर होतात ते बघ. मी ऐकून घेतलं. पण मी मागच्या पडवीत बसलेली माझी काकू पाहिलेली आहे, तिच्या पाण्याचा वेगळा तांब्या पाहिलेला आहे. विश्रांती द्यायची तर विश्रांती म्हणून द्या, विटाळ म्हणून कशाला? आणि मुलीसाठी दुप्पट का, याचं उत्तर मला तिच्या आजीनेही दिलं नाही.

मात्र याच विषयावर विद्यापीठातली एक बाई मला म्हणाली, "तुमच्या भारतातही असंच ना सगळं?" तेव्हा मी तिला माझ्या आईबद्दल सांगितलं. तिने आमच्या घरातून हे बाहेर बसणं एका दिवसात बंद केलं, सासू जिवंत असताना. महाराष्ट्रात जोतीराव-सावित्रीबाईंपासून दीडशे वर्षं यावर भांडण चालू आहे आणि ते आमचं आम्ही भांडतोय. शांतिग्रामातल्या बायकाही आपलं भांडण आपण भांडतील. वातानुकूलित खोलीतून दोघांवर एकदम शेरा मारायचा अधिकार तिला नाही.

एका पुरुषाला अनेक बायका ही चालही तिथे आहे. तिला ते दैवी विवाह म्हणतात. इस्रायलच्या कायद्यात दुसरं लग्न गुन्हा, त्यामुळे ही लग्नं सरकारदरबारी नोंदली जात नाहीत. अब्राहामाला, याकोबाला अनेक बायका होत्या, हा आधार. मी त्याच पुस्तकातली लेआ आणि राहेल आठवून गप्प राहिले. दोन सख्ख्या बहिणी, एक नवरा, आणि मूल कुणाला होतं यावरून आयुष्यभराचा जाळ. त्या पुस्तकाने तो लपवलेला नाही. आता तरुण पिढीत बहुतेक जण एकाच लग्नावर थांबतात असं मैत्रीण म्हणाली. तिचं स्वतःचंही तेच ठरलंय.

तर अशी ही माणसं. आता मावशींच्या वाक्याकडे येते.

रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, या समाजाला यहुदी मानलं नाही. त्यामुळे जगभरच्या यहुद्यांना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणारा परतीचा कायदा यांना लागू झाला नाही. सुरुवातीला मिळालेले तात्पुरते व्हिसा संपले. अमेरिकेत परत पाठवलं जाऊ नये म्हणून अनेकांनी अमेरिकेचं नागरिकत्वच सोडून दिलं आणि ते कुठल्याच देशाचे उरले नाहीत. परवान्याशिवाय काम करायचं, धरपकड झाली की देशाबाहेर. १९८६च्या एप्रिलमध्ये त्यांनी जेरुसलेमपर्यंत पायी मोर्चा काढायचं ठरवलं, तर २२ तारखेला सैनिक आणि पोलीस यांनी गावाला वेढा घातला. पोरंबाळं घेऊन सगळे उपाशी प्रार्थना करत बसले. तो दिवस ते अजून पाळतात. १९९० मध्ये सरकारशी समझोता झाला, कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळायला २००३ उजाडलं, पहिलं नागरिकत्व २००९ मध्ये. बेन अम्मी २०१४च्या डिसेंबरात वारले. दरम्यान गावातली मुलं सैन्यात जाऊ लागली होती. त्याही आधी, जानेवारी २००२ मध्ये, हदेरा इथे एका समारंभात गात असताना आरोन एलिस हा त्यांचा गायक दहशतवादी हल्ल्यात मारला गेला. आणि तरी २०२१ मध्ये कागदपत्रं नसलेल्या कुटुंबांना देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. जायचं कुठे? शिकागो त्यांच्या आजीने सोडलं, त्यांनी ते पाहिलेलंही नाही.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. मग विचारलं, "मावशी, तुमच्या बाबांना चौसष्ट साली जेरुसलेमला कशासाठी बसावं लागलं होतं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५१च्या अखेरीस माझ्याच बेअर शेवातल्या बेने इस्रायल लोकांनी गोऱ्या-काळ्याच्या भेदभावाविरुद्ध धरणं धरलं होतं. आम्हांला भारतात परत पाठवा अशी त्यांची मागणी होती, आणि काही कुटुंबं खरोखरच परत गेली. त्यानंतर १९६२ साली प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं. बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागे जाऊन वंशाची तपासणी करावी. शेकडो वर्षं नवगाव, चौल, रोहा, पेण इथे शनिवार पाळलेल्या, आठव्या दिवशी सुंता केलेल्या, शेमा ही प्रार्थना म्हणत आलेल्या लोकांना सांगितलं, दाखला आणा. कोकणातल्या कुठल्या खेड्यात सतराव्या शतकातला दाखला मिळतो? १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आपले लोक बायकापोरांसह आंदोलनाला बसले. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्व बाबतीत यहुदी आहेत, आणि फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं. मावशींचे वडील तिथे होते. मावशींनी मला त्यांचा फोटो दाखवलेला आहे, धोतर नाही, कोट आणि टोपी, चेहरा पडलेला.

मावशींनी विचार केला आणि जे उत्तर दिलं ते मला खोडता आलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पुस्तक नव्हतं गो. तरी आम्ही पाळलं. नव्याचा सण, बिरड्याचा रोजा, अनशी ढाकाचा सण, नाव हिब्रू नव्हतं पण दिवस चुकला नाही. मलिदा करताना एलियाहू हानबी या प्रेषिताचं नाव चुकलं नाही. त्यांनी पुस्तक वाचलं नि मग पाळायला घेतलं. दोन्ही सारखं कसं होईल?"

सारखं नाहीच. इतिहासाच्या कसोटीवर मावशींचं पारडं जड आहे, आणि अलिबागची म्हणून मला त्याचा अभिमान आहे. बिरड्याच्या वालाला मोड काढता काढता ज्यांनी जेरुसलेमच्या मंदिराचा शोक जिवंत ठेवला त्यांच्यासारखे लोक जगात दुसरे नाहीत, असं मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. पण ज्यांच्या वडिलांना "तुम्ही खरे का?" असं विचारलं गेलं, त्यांनी तोच प्रश्न शेजारच्या गल्लीत विचारावा याचं मला वाईट वाटतं. मी मावशींना तसं म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "तू लेखी काम करणारी, तुला सगळं बोलता येतं," म्हणाल्या, आणि पुढे बोलणं नातवाच्या लग्नावर गेलं.

माझा मुद्दा सरकारी कायद्याचा नाही. परतीचा कायदा कुणाला लावायचा हे या देशाने ठरवावं, मी इथे व्हिसावर आहे, मला त्यात मत नाही. पण एखादा माणूस इस्रायली पूर्वजांचा आहे की नाही हा एक प्रश्न, आणि तो पन्नास वर्षं इथे राहून त्या पूर्वजांच्या पुस्तकाप्रमाणे जेवतो, उपाशी राहतो, कपडे शिवतो, मुलांना हिब्रूत वाढवतो, सैन्यात पाठवतो, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर नाही असलं तरी दुसऱ्याचं उत्तर समोर उभं आहे. शिकागोत गुलामांच्या नातवंडांना आपलं मूळ गाव कुणी सांगणारं नव्हतं, त्यांची आडनावंसुद्धा मालकांची होती. पेणकर, रोहेकर, चौलकर असं गाव आडनावातच बांधून आणायचं भाग्य मावशींना मिळालं. त्यांना ते मिळालं नाही, म्हणून त्यांनी जगातल्या सगळ्यांत जुन्या पुस्तकांपैकी एक उघडलं आणि त्यातलं गाव निवडलं. मला यात लबाडी दिसत नाही. यात मला मोठी गरज दिसते, आणि ती गरज पुरी करण्यासाठी आठवड्यातून एक दिवस उपाशी राहण्याची तयारी दिसते.

काहींनी आधीच विचारलंय म्हणून सांगते. शांतिग्रामात जाता येतं. आगाऊ फोन करून ठरवलं तर ते गाव दाखवतात आणि जेवायलाही घालतात. शुक्रवार दुपारनंतर आणि शनिवारी जाऊ नका, बसही नसते आणि जेवणही नाही. खांदे, गुडघे झाकतील असे कपडे घाला, शक्यतो सुती. कांदालसूण चालत असणाऱ्या शाकाहारी माणसाला तिथे डोळे मिटून खाता येईल, जैन पाहुण्यांनी आधी विचारून घ्यावं. चहात दूध मिळणार नाही, सोयाचं मिळेल. जमलं तर मे महिन्यातला त्यांचा सण बघा. आणि दिमोनापर्यंत आलातच तर मराठी दुकानांतही जा, भाव हिब्रूत विचारू नका.